गाडी गटाची, दुसरी चावी कुणाकडे?

भाट्ये गावातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा काय बायकांच्या कार्यक्रमाचा विषय झाला? विषय आहे जुन्या चारचाकी गाडीची दुसरी चावी आणि तिचा रिमोट कसा करून घ्यायचा हा. पण आता गावोगाव गटांनी जुन्या गाड्या घेतल्यात. कुणाची ओम्नी आहे, कुणाची इको, कुणाची वॅगनआर. २०१७ साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस ही योजना आणली, तेव्हापासून तर गटातल्या बाईने स्वतः गाडी चालवायची हेसुद्धा नवं राहिलं नाही. गाडी आली म्हणजे चावी आली. आणि जुनी गाडी बहुतेक वेळा एकाच चावीवर येते.

आमच्याकडचं सांगायचं तर भाट्ये रत्नागिरीच्या अगदी समोर, मध्ये फक्त खाडी. पूल ओलांडला की शहर. उलट बाजूला गेलं की पावस, पूर्णगड. कोकम, मसाले, आंब्याच्या दिवसांत पेट्या, नारळ संशोधन केंद्रातून घेतलेली रोपं, असं सगळं इकडून तिकडे न्यायचं तर रिक्षाला दर खेपेला पैसे मोजण्यापेक्षा जुनी गाडी परवडते, म्हणून आम्ही एक जुनी वॅगनआर घेतली. विकणाऱ्याने एकच चावी दिली. रिमोटचं बटण दाबलं तर काही वाजेना. 'दुसरी चावी घरात कुठेतरी आहे, शोधून देतो,' म्हणाला. अजून शोधतोय.

त्याच सुमारास आमच्या वाडीत एक प्रकार घडला आणि या विषयाला आम्ही खरं हात घातला. एका घरातला मुलगा मिरकरवाड्याहून ट्रॉलरवर गेला. चार-पाच दिवसांची फेरी. गाडीची एकुलती एक चावी त्याच्या पॅन्टच्या खिशात. रात्री त्याच्या बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. अंगणात गाडी उभी, शेजारची पोर गाडी चालवणारी, टाकीत पेट्रोल, आणि चावी समुद्रात. १०८ ला फोन केला, ती गाडी आली, बाई वेळेत सिव्हिलला पोचली, बाळ-बाळंतीण सुखरूप. पण गाडी येईपर्यंतचा तो वेळ तिच्या सासूने कसा काढला ते तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला म्हणाली, 'अगो, घरात दहा कुलपं, दहाही कुलपांच्या दोन-दोन चाव्या. आणि एवढ्या मोठ्या गाडीला एकच कशी गो?'

तर आधी आपल्या गाडीची चावी कोणत्या जातीची आहे ते ओळखायचं. कारण त्यावरच ठरतं की काम शंभर-दोनशे रुपयांत होणार की हजारांत जाणार.

पहिली जात साध्या लोखंडी-पितळी चावीची. जुनी मारुती ८००, जुनी ओम्नी, यांची चावी म्हणजे कपाटाच्या चावीची मोठी बहीण. डोक्याला काळं प्लास्टिक असलं तरी आत काही नसतं. बाजारात मशीन घेऊन बसलेला चावीवाला ती पाच मिनिटांत कापून देतो. आपल्याकडे किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारे शिकलगार बांधव तर नुसत्या कानशीने घासून चावी बसवतात, हात बघत राहावा असा. इथे एकच गोष्ट सांभाळायची. चावी वर्षानुवर्षं वापरून झिजलेली असते. झिजलेल्या चावीवरून नवी कापली तर झीजही तशीच उतरते आणि नवी चावी पहिल्या दिवसापासून अडकते. नव्या गाडीबरोबर एक छोटा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा बिल्ला मिळतो, त्यावर चावीचा नंबर असतो. तो असेल तर नंबरावरून कापलेली चावी मूळ मापाची मिळते. जुन्या मालकाकडे चावी नसली तरी तो बिल्ला कागदपत्रांच्या पिशवीत पडलेला सापडतो कधी कधी. मागून बघा.

दुसरी जात चिपवाल्या चावीची. हीच नीट समजून घ्यायची, कारण फसवणूक आणि गैरसमज दोन्ही इथेच होतात. दिसायला ती साध्या चावीसारखीच. पण तिच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या लांबट दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळ्या खडूच्या तुकड्यासारखी एक चिप असते. मारुतीच्या गाड्यांत या व्यवस्थेला 'आयकॅट्स' म्हणतात, दुसऱ्या कंपन्या 'इमोबिलायझर' म्हणतात. काम एकच, चोराला गाडी सुरू करू न देणं. युरोपात गाड्यांच्या चोऱ्या फार वाढल्या तेव्हा नव्वदच्या दशकात तिकडे ही व्यवस्था सक्तीची झाली. जर्मनीत १९९८ पासून नव्या गाडीला ती असावीच लागते. आपल्याकडे नंतर हळूहळू साध्या गाड्यांतही आली.

ती चालते कशी? रेशन दुकान आठवा. कार्ड दाखवलं म्हणून धान्य मिळतं का? मिळत नाही. मशीनवर अंगठा लावावा लागतो, आणि तो अंगठा मशीनच्या नोंदीशी जुळावा लागतो. इथे चावीचे दात म्हणजे कार्ड, आणि आतली चिप म्हणजे अंगठा. आपण जिथे चावी घालून फिरवतो त्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की ते कडं चिपला थोडीशी वीज हवेतूनच देतं, चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. गाडीच्या पोटात जो छोटा संगणक आहे तो नंबर तपासतो. ओळखीचा असला तर इंजिनाला परवानगी. अनोळखी असला तर गाडी सुरूच होत नाही, नाहीतर सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. चिपला स्वतःचा सेल नसतो, म्हणून ती कधी 'उतरत' नाही. हे लक्षात ठेवा. रिमोटचा सेल संपला म्हणून गाडी सुरू होत नाही असं कुणी सांगितलं तर या जातीच्या चावीसाठी ते खरं नाही.

आपल्या चावीत चिप आहे का हे घरी बघता येतं. चावी 'ऑन'वर फिरवली की समोरच्या पट्टीवर कुलपाचं किंवा चावीचं चित्र असलेला छोटा दिवा लागतो आणि काही क्षणांत विझतो. तो दिवा असला तर चिप आहे असं धरा. आणखी खात्री हवी असेल तर डब्यातल्या पोळीला गुंडाळतो ती चांदीसारखी फॉइल चावीच्या डोक्याला दोन-तीन पदर घट्ट गुंडाळा, दात तेवढे उघडे ठेवा आणि गाडी सुरू करून बघा. दिवा फडफडला आणि गाडी सुरू झाली नाही तर चिपचा आवाज फॉइलने अडवला असं समजा. फॉइल काढली की गाडी पहिल्यासारखी.

तिसरी गोष्ट रिमोट. पुष्कळजणी चावी आणि रिमोट एकच समजतात. एकाच प्लास्टिकच्या डोक्यात दोन्ही असतात म्हणून तसं वाटतं, पण ती दोन वेगळी माणसं आहेत, एकाच घरात राहणारी. चिप इंजिनाशी बोलते. रिमोट दरवाज्यांशी बोलतो. चिप कुलपाच्या तोंडाशी आल्याशिवाय बोलत नाही, रिमोट अंगणातून हाक मारतो. त्यासाठी त्याला सेल लागतो. म्हणून रिमोट मेला तरी चावी दरवाज्याच्या कुलपात घालून दार उघडता येतं आणि गाडी सुरू करता येते. दार चावीने उघडल्यावर भोंगा वाजायला लागला तर घाबरायचं नाही, कंपनीने बसवलेला असेल तर बहुतेक गाड्यांत चावी घालून 'ऑन' केली की तो थांबतो.

आणि जुन्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. रिमोट कंपनीचा नसतोच. आधीच्या मालकाने बाहेरून सेंट्रल लॉक बसवून घेतलेलं असतं, नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपनीचं किंवा दुसऱ्या कुणाचं. तेव्हा चावी वेगळी आणि तिला लटकवलेला रिमोट वेगळा. असला रिमोट गाडीच्या शोरूममध्ये मिळणार नाही, तिथे जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही. रिमोटच्या पाठीवरचं नाव वाचायचं आणि गाड्यांचे म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर विकणारा दुकानदार गाठायचा. कधी कधी जुन्या संचाचा एक रिमोट शोधत बसण्यापेक्षा दोन नव्या रिमोटसकट सगळा संचच नवा बसवणं स्वस्त पडतं. बसवताना त्याला विचारून ठेवा की भोंगा बंद करायचं लपवलेलं बटण कुठे आहे. ते बहुतेकदा स्टिअरिंगखाली असतं, आणि रिमोट बिघडलेल्या रात्री तेच कामाला येतं.

रिमोट चालत नाही म्हटल्यावर सगळ्यात आधी सेल बदला. हे काम आपलं आपण करायचं. चावीच्या डोक्याला बाजूने एक बारीक खाच असते, तिथे सपाट पेचकस किंवा नाणं घालून अलगद फिरवलं की दोन भाग होतात. काही चाव्यांना एक बारीकसा स्क्रूही असतो. आत नाण्यासारखा सेल दिसेल. त्यावर लिहिलेलं असतं सीआर २०३२, सीआर २०१६ किंवा सीआर १६२०. या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. पहिले दोन आकडे रुंदी मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणजे २०३२ हा २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, २०१६ तेवढाच रुंद पण निम्मा, १.६ जाड. तिन्ही ३ व्होल्टचेच. दुकानदार २०३२ नाही म्हणून २०१६ देतो, तो सैल बसतो आणि रिमोट लागतो-बंद होतो. जो काढला तोच नंबर मागायचा. अधिकची खूण कुठल्या बाजूला होती ते काढतानाच बघून ठेवायचं.

सेल काढल्यावर आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या बायकांना आत आणखी काही दिसेल. हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय. खाऱ्या हवेने पितळी पट्ट्या गंजतात. भाट्याच्या सुरुबनात, पुळणीवर गाडी घेऊन जायचं, ओल्या हाताने चावी धरायची, कालवं काढायला खाडीत उतरताना कमरेला खोचायची, मग दुसरं काय होणार? पट्ट्या जुन्या दात घासायच्या ब्रशने कोरड्या घासून काढा. चावी खाऱ्या पाण्यात पडलीच तर बटण दाबून बघू नका. आधी सेल काढा. मग आतली पट्टी गोड्या, स्वच्छ पाण्याने धुवा. हो, धुवायचीच. पाण्यापेक्षा मीठ वाईट. मग सावलीत दोन दिवस वाळवा आणि नवा सेल घाला. मोबाइलसारखी तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ जात नाही, तांदूळ तेवढे खारट होतात. चिपला मात्र पाण्याने सहसा काही होत नाही. ती काचेची असली तर तिला भीती पडण्याची, दगडावर आपटण्याची.

सेल नवा, पट्ट्या स्वच्छ, तरी रिमोट गप्प? घरात लहान पोर आहे का बघा. पुष्कळ रिमोटमध्ये दर वेळी नवा संकेत जातो, जुना पुन्हा चालत नाही, म्हणजे कुणी मधल्यामध्ये तो पकडून चोरला तरी उपयोग नाही. गाडी पुढच्या काही संकेतांपर्यंत वाट बघते. पोराने गाडीपासून लांब, माजघरात बसून शेकडो वेळा बटण दाबलं की रिमोट फार पुढे निघून जातो आणि गाडी मागे राहते. दोघांची पुन्हा ओळख करून द्यायची रीत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. पुस्तक नसेल तर चावीवाल्याला ते काम काही मिनिटांचं.

आणि कित्येकदा बिघाड एवढाच असतो की रबरी बटण फाटलंय, डोकं चिरलंय, चावीचं पातं डुगडुगतंय. तेव्हा नवी चावी घ्यायची गरज नाही. नुसतं कव्हर मिळतं, थोड्या पैशांत. जुन्याच्या आतली सर्किटची पट्टी काढून नव्यात बसवायची. पण इथे मोठा घात होतो तो ऐका. चिप पुष्कळदा त्या पट्टीवर नसते. ती कव्हरच्याच एका कोपऱ्यात, छोट्या खोबणीत वेगळी चिकटवलेली असते. पट्टी काढली, सेल काढला, जुनं कव्हर केराच्या टोपलीत. मग नवीन झगझगीत चावीने दार उघडतं आणि गाडी काही सुरू होत नाही. म्हणून नव्या चावीने गाडी सुरू होऊन पाच मिनिटं चालेपर्यंत जुनं कव्हर हातातून सोडायचं नाही, दुकानातही नाही.

आता प्रत्यक्ष दुसरी चावी करून घेणं. दोन वाटा आहेत. एक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची, दुसरी बाजारातल्या कॉम्प्युटर चावीवाल्याची.

आम्ही दोन्हीकडे विचारलं. एका सर्व्हिस सेंटरमध्ये आम्हाला ४,५०० च्या पुढचा आकडा सांगितला, चावी मागवायला तीन आठवडे, अर्धे पैसे आधी. बाजारात एकाने चिपची चावी १,८०० सांगितली, रिमोटसकट २,६००, दुपारपर्यंत तयार. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, म्हणून हे आकडे भाव म्हणून धरू नका. फरक केवढा असतो तेवढं बघा. आणि एका ठिकाणी काउंटरवरचा मुलगा आम्हाला म्हणाला, 'घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा, त्यांना नीट सांगतो.' गाडी ज्या बाईच्या नावावर ती समोर उभी होती. तिने पिशवीतून आरसी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, 'यावर ज्याचं नाव आहे त्यालाच सांग.' मग त्याने सांगितलं.

मुद्दा तोच आहे. चावी करून देणाऱ्याने कागद मागायलाच हवेत. आरसी, आरसीवरच्या मालकाचं ओळखपत्र, आणि मालक स्वतः येऊ शकत नसेल तर त्याचं सहीचं पत्र. कागद न बघता कुणी चिपची चावी करून देत असेल तर ते आपल्याला सोयीचं वाटतं, पण तोच माणूस उद्या आपल्या गाडीची चावी दुसऱ्या कुणालाही करून देईल. आमच्यासारख्या नोंदणी नसलेल्या गटाची गाडी बहुतेक वेळा एका सदस्याच्या नावावर असते. तिचं पत्र गटाच्या कागदांत आधीच करून ठेवलं तर ती बाई माहेरी गेली तरी काम अडत नाही. जुनी गाडी घेतल्यावर ती अजून आधीच्या मालकाच्याच नावावर असेल तर कंपनीकडे चावी मिळायला अडचण येते. विकणाऱ्याने नमुना २९ आणि दोघांनी मिळून नमुना ३० भरून आरटीओत नाव बदलणं हे चावीच्याही आधीचं काम.

बाजारात जायचं ठरवलं तर गाडी घेऊन जा, आणि असतील नसतील तेवढ्या सगळ्या चाव्या घेऊन जा. चावीवाला स्टिअरिंगखालच्या एका खाचेला आपलं यंत्र जोडतो आणि गाडीच्या वहीत नव्या चिपचं नाव लिहितो. काही गाड्यांत नवं नाव लिहिताना जुनी सगळी नावं पुसली जातात आणि समोर असलेल्या चाव्याच पुन्हा लिहिल्या जातात. घरी राहिलेली चावी मग गाडीला अनोळखी. काम चालू असताना आम्ही तिथेच उभ्या राहिलो. चावी 'ठेवून जा, संध्याकाळी या' असं म्हटलं तर ठेवू नका, दुकान ओळखीचं असलं तरी. काम झाल्यावर दोन्ही चाव्यांनी चारही गोष्टी करून बघायच्या: दार, डिकी, स्टिअरिंगचं लॉक आणि इंजिन. दोन-तीन वेळा बंद करून पुन्हा सुरू. बिल घ्यायचं, त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्यायचा.

आमच्या चावीवाल्याने आम्हाला एक प्रश्न विचारला, 'रिमोट पाहिजेच का?' प्रश्न चांगला होता. दुसरी चावी अडीअडचणीची. तिला चिप हवीच, रिमोट नसला तरी चालतो. पैसे कमी असतील तर चिपची साधी चावी करा आणि वाचलेल्या पैशांत विमा भरा, असं आमचं मत. आम्ही तसंच केलं. पहिल्या चावीचा रिमोट मात्र पट्ट्या घासून आणि पन्नास रुपयांचा सेल घालून चालू झाला, तो दुरुस्त होणार नाही असं आधी दोघांनी सांगितलं होतं.

मोबाइलवर स्वस्त रिमोट दिसतात. चित्र तंतोतंत आपल्यासारखं. पण रिमोटची हाक ठरावीक सुरात असते. आपल्याकडच्या गाड्यांचे रिमोट बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आणि बाजारात ३१५ वालेही येतात. चिपचेही प्रकार वेगवेगळे. दुसऱ्या गाडीचा वापरलेला रिमोट तर काही जातींत पुन्हा लिहिताच येत नाही. म्हणून आधी चावीवाल्याला विचारा, 'मी आणलेला चालेल का, न चालल्यास पैसे कुणाचे?' बहुतेक चावीवाले बाहेरून आणलेल्या मालाची हमी घेत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे.

ज्यांच्याकडे बंद पडलेल्या कंपनीची गाडी आहे त्यांना शोरूमची वाट अवघड. पुण्याजवळ तळेगावात बनायची ती शेवरोले बीट आजही आपल्या रस्त्यांवर दिसते, पण कंपनीने २०१७ च्या शेवटी इथली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा गाडीला दुसरी चावी नसेल तर आजच करून घ्या, जो करतो तो सापडतोय तोपर्यंत.

कारण खरा खर्च होतो तो एकही चावी उरली नाही तर. एक चालू चावी हातात असली की दुसरी तिच्या आधाराने होते. एकही नसली तर गाडी चावीवाल्याकडे नेता येत नाही, त्यालाच आणावं लागतं किंवा गाडी टेम्पोवर चढवून न्यावी लागते. कुलूप उघडून दातांचं माप काढायचं, काही गाड्यांत संगणकाची डबीच सोडवून टेबलावर उघडायची, कधी ती आणि कुलपं सगळीच बदलायची. दोन हजारांचं काम दहा-पंधरा हजारांकडे जाऊ शकतं. जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने ते केवढं होतं बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. नोंदणी संपत आलेल्या गाडीवर एवढा खर्च करायचा का, हा विचार तेव्हा करावा लागतो. दुसरी चावी आधीच असेल तर तो करावाच लागत नाही.

चावी हरवली तर पोलिस ठाण्यात हरवल्याची तक्रार नोंदवून तिची पोच घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. कारण विमा कंपनी चोरीच्या दाव्यात गाडीच्या सगळ्या चाव्या मागते. एकच दिली तर दुसरी कुठे गेली, चोराला तीच मिळाली का, असे प्रश्न येतात आणि दावा लटकतो. पोच असली की उत्तर देता येतं. जुनी गाडी घेतानाच एक चावी मिळाली असेल तर विक्रीच्या कागदावर तसं लिहून घ्या, 'एकच चावी मिळाली' असं. आणि आपला विमा कोणता हेही बघा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडी चोरीला गेल्यावर त्यातून काहीच मिळत नाही. पूर्ण विम्यात जादा पैसे भरून चावी बदलण्याच्या खर्चाचंही संरक्षण घेता येतं, एजंटाला विचारल्याशिवाय तो ते सांगत नाही.

हरवलेली चावी पर्स आणि आरसीसकट गेली असेल, म्हणजे सापडणाऱ्याला पत्ताही कळला असेल, तर चावीवाल्याला सांगून तिचं नाव गाडीच्या वहीतून पुसून घ्या. मग त्या चावीने गाडी सुरू होणार नाही. दार मात्र उघडेल, कारण दाराला दात पुरतात. गाडीत मग पैसे, पासबुक ठेवायचं नाही.

आता दोन चाव्या झाल्या, ठेवायच्या कुठे? आमच्या आज्या-पणज्यांच्या कमरेला जुडगा असायचा. जिच्या कमरेला जुडगा तिचं घर. गटाच्या गाडीचं तसंच होतं हळूहळू. चावी ज्याच्या खिशात त्याला विचारून गाडी निघते. आमच्याकडे ड्रायव्हर म्हणून एकीचा पुतण्या येतो, गुणी मुलगा आहे. तरी एक चावी त्याच्याकडे आणि दुसरी गटाच्या खजिनदाराकडे, असं बैठकीत ठरवून वहीत लिहिलंय. कुणी नेली, कधी परत केली, याची सही. दुसरी चावी गाडीत लपवून ठेवायची नाही, चाकाच्या वरही नाही. तिथे चोर आधी बघतो. आणि दोन महिन्यांतून एकदा दुसऱ्या चावीने गाडी सुरू करून बघायची, नाहीतर गरजेच्या वेळी ती कुलपात फिरतच नाही. फिरताना अडकली तर खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालू नका. त्याला धूळ आणि मीठ चिकटून चिकट लगदा होतो. पेन्सिलचं शिसं ब्लेडने बारीक तासून ती पूड चावीच्या दातांना चोळा आणि चार वेळा फिरवा. चावीला घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या डझनभर चाव्या अडकवू नका, त्या वजनाने कुलूप आतून झिजतं.

राहता राहिला काढून ठेवलेला जुना सेल. तो खिडकीत, देव्हाऱ्यात, चहाच्या कपात ठेवायचा नाही. चकचकीत असतो, लिमलेटच्या गोळीएवढा असतो, आणि रांगतं पोर तो तोंडात घालतं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजून छिद्र पाडू शकतो, आणि वापरून उतरलेला सेलही धोक्याचाच. पोराने गिळला असा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, केळं-भात चारून 'उतरेल' म्हणून वाट बघू नका, थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना 'बटणाचा सेल' असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते आधी एक्स-रे काढतील. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायची, झाकणाच्या डबीत घालून उंचावर ठेवायचा आणि रत्नागिरीला जाल तेव्हा जुनी बॅटरी घेणाऱ्या दुकानात देऊन यायचा.